बॅटरीचा हिवाळा

११ ऑक्टोबर १९९७. दसरा.
बोट आली. आजपासून रोजनिशी. बोटवाल्या माणसाने रोजच्या नोंदी ठेवायच्या असतात. कुणी वाचायच्या नसतात, पण ठेवायच्या.
पुण्याच्या एका साहेबांनी ही बोट उजनीवर पक्षी बघायला आणली होती. त्यांचा पक्ष्यांतला इंटरेस्ट संपला. मी माझी राजदूत फटफटी दिली, त्यांनी बोट दिली. पांढरी फायबरची, मागे इंजिन, आणि इंजिनाला सेल्फ-स्टार्ट. बटण दाबलं की चालू. दोरी ओढत बसणं हे गड्याचं काम, मालकाचं नाही. बटणासाठी बॅटरी आणि बॅटरीसोबत एक इंग्रजी पुस्तक, तेही फुकट.
आईने बोटीवर नारळ फोडला, बॅटरीला हळदकुंकू लावलं. बिरूने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, बोटीला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि गेला. जळतो.
सारजा म्हणाली, चाकं होती ती दिली आणि पाय नाहीत ती आणली. मी तिला तिथल्या तिथे शब्द दिला: या हिवाळ्यात तुला माहेरी स्वतःच्या बोटीतून नेणार. तिचं माहेर आमच्या बरोबर समोर, पाण्यापलीकडे. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर आमच्या दारातून दिसतो. पण रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीवरून वळसा, पूर्ण दिवस जातो. वल्ह्याची होडी रोज जाते. मला होडीचं वावडं नाही. दुसऱ्याच्या होडीवर विश्वास नाही, इतकंच.
आमच्या लग्नात वऱ्हाड होडीतून गेलं आणि मी जीपने टेंभुर्णीवरून गेलो. नवऱ्या मुलाने पाण्यावरून जायचं नसतं, अशी आमच्यात पद्धत आहे. आईला ही पद्धत माहीत नाही. फार जुनी आहे.

१२ ऑक्टोबर, सकाळ.
आज पहिली फेरी. आधी बॅटरी चेक.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ.
बॅटरी चेक करण्यात दिवस गेला. फेरी उद्या.

१५ ऑक्टोबर.
पुस्तक वाचलं, डिक्शनरी घेऊन. बरं झालं वाचलं. त्यात 'हिवाळा' नावाचं अख्खं प्रकरण आहे. हिवाळा लागण्यापूर्वी बॅटरी बोटीतून काढावी. कोरड्या, थंड जागी ठेवावी. अधूनमधून चार्ज करावी. बोट वसंत ऋतूत, बर्फ वितळल्यावर पुन्हा पाण्यात घालावी.
आपल्याकडे बर्फ पडत नाही हे मला माहीत आहे. मी काही अडाणी नाही. पण कंपनीने नियम लिहिला तो विचार करूनच लिहिला असेल. आमच्या लोणी देवकरच्या कारखान्यातसुद्धा मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं कुणी बदलत नाही. मी स्टोअर्सचा इनचार्ज आहे, मला ठाऊक आहे. (कागदोपत्री असिस्टंट. पण चावी माझ्याकडे असते.)
हिवाळा तोंडावर आहे. म्हणून पहिली फेरी पुढे ढकलली.
सारजाने विचारलं, धरण आत्ता काठोकाठ भरलंय, आत्ता नाही तर कधी? म्हटलं, वसंतात. ती भाकऱ्या थापायला गेली.

१९ ऑक्टोबर.
बॅटरी घरी आणली. सायकलच्या कॅरिअरला बांधून. वाटेत थोडं ॲसिड सांडलं. पँटला छोटं भोक.

२१ ऑक्टोबर.
भोक मोठं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार.
दिवाळीच्या गडबडीत नोंदी राहिल्या.
बॅटरीची जागा ठरली. देवघराच्या बाजूचा, टीव्हीजवळचा कोनाडा. थंड, कोरडा. खाली फळी, कारण जमीन चार्ज ओढून घेते असं ऐकलंय. वरून आईचं घोंगडं. सारजाने साडीच्या कापडाची झूल केली होती, तिची चाळण झाली. घोंगड्याला मात्र काही झालं नाही. आई दिवसभर सगळ्यांना सांगत होती की मेंढरांच्या लोकरीला इंग्रजाचं ॲसिडसुद्धा खात नाही. आमच्या घरातली मेंढरं माझ्या आजोबांबरोबर संपली, पण अभिमान आहे.
स्टोअर्समधून हायड्रोमीटर आणलाय, परत करायचा आहे. काचेची नळी, आत तरंगणारी काडी. हिरव्यात असली की बॅटरी भरलेली, लाल दिसलं की उतरलेली. काल रात्री लाइट आली तेव्हा चार्जर लावला. आज सकाळी गच्च हिरवी. डोळ्यांचं पारणं फिटलं.
आता दुपारपाळीला जातो. रविवारची दुपारपाळी माझ्याच नशिबी.

१० नोव्हेंबर, सोमवार.
बॅटरी लाल.
कुणी हात लावला नाही. सारजाला विचारलं, तिने शपथ घेतली नाही पण मान हलवली. आपोआप उतरली. पुस्तकात लिहिलंय, थंडीत बॅटरी आपोआप उतरते. पुस्तक किती बरोबर आहे बघा.
वस्तीवरच्या बायका आज पाणवठ्यावर कुठल्याशा सिनेमातल्या सासूला शिव्या घालत होत्या. काल चार वाजल्यापासून लाइट नव्हती म्हणतात. असो.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
शनिवारी हिरवी. आज लाल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
परत तेच. थंडी रविवारी जास्त पडते असं दिसतं. याचा अभ्यास करायला हवा.

२९ नोव्हेंबर.
इंदापूरला दत्तोबा बॅटरीवाल्याकडे गेलो. माणूस बोलका, चहा दुसऱ्याच्या खात्यावर पाजतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बॅटरी म्हंजी म्हैस हाय, सायेब. रोज पिळा, रोज वैरण घाला. नुस्ती बांधून ठिवली की आटती." मी पुस्तकातला नियम सांगितला. तो म्हणाला, पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात धरण गोठतं, आपल्यात म्हशी गोठ्यात असतात.
अशिक्षितपणा. पण सायेब म्हणाला ते बरं वाटलं.
बॅटरीचं पाणी आठवणीने भरायला सांगितलं. त्याच्याकडची पाण्याची बाटली संपली होती.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ.
बॅटरीतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलंय. आज दुकानं बंद. पुस्तक म्हणतं, पाणी अत्यंत शुद्ध हवं, त्यात काही मिसळलेलं नको, वर्षानुवर्षं खराब न होणारं हवं. (शेवटचं पुस्तकात नाही, पण अर्थ तोच.)
असं पाणी आपल्या घरात एकच आहे.
आईचा काशीचा गडू. आजोबांनी आणलेला, तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलेला. देवघरात मागच्या बाजूला असतो. आईने तो शेवटच्या घोटासाठी राखून ठेवलाय. आईची तब्येत उत्तम आहे. परवा बिरूच्या बैलाला शिंगाला धरून मागे ढकललं.
स्क्रू ड्रायव्हरने डाग उचकटला. सहाही खणांत समान वाटप. गडू परत जागेवर, तोंडाला मेण.
आईला सांगणार आहे. योग्य वेळी.

८ डिसेंबर, सोमवार.
रीडिंग: नारिंगी. लाल नाही, नारिंगी. गंगेचा गुण.

२० डिसेंबर.
समोरचं पाणी असं दिसतंय की बघत राहावं. गुलाबी पायांचे पक्षी हजारांनी उतरलेत. पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. लोक आमच्या दारात येऊन विचारतात, ती पांढरी बोट कुणाची, फिरवून आणाल का? मी त्यांना हिवाळ्याचा नियम समजावून सांगतो. कुणी ऐकत नाही. एक बाई म्हणाली, पण हाच तर सीझन आहे. मी म्हटलं, मॅडम, बॅटरीचा नाही.
सारजा हे सगळं उंबऱ्यातून ऐकत होती.

१ जानेवारी १९९८.
संकल्प:
बॅटरीला रोज एकदा बघायचं.
संक्रांतीनंतर बोट धुऊन पुसून तयार.
सारजावर आवाज चढवायचा नाही. (तिने चढवला तरी.)
पोहायला शिकायचं. गरज नाही, पण व्यायाम म्हणून. बिरू शिकवतो म्हणालाय, विहिरीत. थंडी संपल्यावर बघू.

१४ जानेवारी. संक्रांत.
सारजाच्या माहेरून होडीवाल्याबरोबर तीळगूळ आला आणि निरोप. तिच्या धाकट्या भावाचं, युवराजचं, लग्न ठरलंय. एप्रिलात, २४ तारखेला, गोरज मुहूर्त. सासरे, म्हणजे आबाजी, यांनी सांगून पाठवलं की करवली स्वतःच्या बोटीतून येणार असं सारजाने दिवाळीतच कळवलंय, तेव्हा आम्ही काठावर हलगीवाले उभे करणार.
सारजाने कधी कळवलं? मला विचारायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका फुललेला होता की मी फक्त म्हटलं, अर्थात. वसंतच असेल तेव्हा. एकदम पुस्तकाप्रमाणे.
मनातून फार आनंद झाला. हलगी, गुलाल, आणि मी मागे इंजिनाशी. बटणावर बोट.

२ फेब्रुवारी.
बिरू आला होता. म्हणाला, "दादा, पानी हटाय लागलंय. बोट फुडं सरकवा, न्हायतर गाळात बसंल." कालव्याला पाणी सोडलं की धरण उतरतं, हे मला माहीत नाही का? पण हिवाळ्यात बोटीला हात लावायचा नसतो. त्याला म्हटलं, वसंतात बघू. तो म्हणाला, वसंत कोण?
त्याने विचारलं, मग बोटीच्या भोवती कलिंगड लावू का? पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं, त्याला आमच्यात गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, मेहनत बिरूची. म्हटलं, लाव. कलिंगड काय बोट खाणार आहे?

२५ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
योग्य वेळ आज आली. मी निवडली नव्हती.
आईने पूजेला गडू काढला. हलका लागला. कानाशी धरून हलवला. मग माझ्याकडे बघितलं. मी खरं काय ते शास्त्रोक्त भाषेत सांगितलं.
आईने गडूच्या तोंडावरचं मेण नखाने खरवडलं. मग म्हणाली, "मरताना माज्या तोंडात काय घालशील रं, वायर?"
सारजा पदर तोंडात धरून मागच्या दारी पळाली. हसायला गेली की रडायला, कळलं नाही.
संध्याकाळी आई कोनाड्यापाशी गेली. घोंगडं बाजूला करून बॅटरीसमोर उदबत्ती लावली. तिचं म्हणणं, डबा कसला का असेना, आत गंगा आहे. आता चप्पल घालून कुणी बॅटरीजवळ जायचं नाही. हायड्रोमीटर घालण्यापूर्वी मला हात धुवावे लागतात.

९ मार्च, सोमवार.
लाल. पण आता मी घाबरत नाही. रात्री चार्ज, पहाटे हिरवी. इतकी तालेवार बॅटरी तालुक्यात नसेल. सगळं माझ्या देखभालीने.
वस्तीवर आज सगळेजण क्रिकेटचं बोलतात. ज्या दिवशी लाइट नसते त्याच दिवशी यांना सगळ्या मॅचची माहिती कशी असते?

२८ मार्च. गुढीपाडवा.
वसंत ऋतू. पुस्तकाप्रमाणे आज बोट पाण्यात.
सकाळी गुढी उभारली, बॅटरी खांद्यावर घेतली आणि खाली गेलो. बोट जागेवर आहे. पाणी जागेवर नाही. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं लांब गेलंय. मधे भेगाळलेला गाळ, आणि बोटीच्या चारी बाजूंनी बिरूचे कलिंगडाचे वेल. इंजिनावरून एक वेल चढलाय. त्याला फळ धरलंय.
बिरू म्हणाला, फळं उतरेपर्यंत पाय ठेवू देणार नाही. म्हटलं, किती वेळ? तो म्हणाला, एप्रिल संपता संपता.
थोडा धक्का बसला. पण विचार केला तर बरंच आहे. अजून महिना चार्जिंगला मिळाला.

२ एप्रिल.
आज सारजाने पहिल्यांदाच स्पष्ट विचारलं, लग्नाला कसं जायचं? म्हटलं, बोटीने. ती म्हणाली, बोट वावरात आहे. म्हटलं, तात्पुरती.
रात्री झोप लागली नाही. खरं तर पाणी मागे गेल्याचं कळलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. असं का व्हावं कळत नाही. बहुतेक ॲसिडिटी.

१९ एप्रिल, रविवार.
लग्न पाच दिवसांवर. होडीवाला सांगत होता, पलीकडे मांडव उभा राहिला, हलगीवाले ठरले, आणि आबाजी गावभर सांगतात की जावई बोटीतून येतोय. जावयाला पाणी मानवत नाही असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार.
असं कोण म्हणतं?

२२ एप्रिल, बुधवार.
आज शारजात मॅच. सगळा तालुका वेडा झालाय. आणि आज बिरूने कलिंगडं उतरवायला घेतली. म्हणाला, वहिनीसाठी लवकर उतरवतो, कच्ची गेली तर गेली. मग त्याच्यासह वस्तीवरच्या तगड्या गड्यांनी बोट उचलून पाण्यापर्यंत न्यायचं ठरवलं.
ॲसिड सांडू नये म्हणून बॅटरी सरळ धरायला कुणीतरी बोटीत बसणं आवश्यक होतं. मी बसलो. बोटीत बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. छान वाटत होतं. आजूबाजूला कोरडा गाळ, वरती आभाळ.
गड्यांनी 'हूं' करून बोट उचलली. ती एका अंगाला कलली.
त्यानंतर काय झालं याबद्दल मतभेद आहेत. बिरूचं म्हणणं, मी दोन्ही हातांनी काठ पकडून 'बुडालो, बुडालो, मला धरा' असं ओरडलो. माझं म्हणणं, मी सूचना देत होतो. हसण्याच्या नादात गड्यांचे हात सुटले. बोट खाली आली, इंजिनाचं तोंड गाळात रुतलं, आणि एक मोठं कलिंगड माझ्या वजनाने नव्हे, बोटीच्या वजनाने फुटलं.
सगळे तिथेच गाळात बसून ते कलिंगड खायला लागले. आत लालभडक. बिरू म्हणाला, पाण्याचा पत्ता नाही आणि दादा बुडाला. आईसुद्धा हसली. आई.
सारजा हसली नाही. तिने बोटीतून बॅटरी उचलली, पदराने पुसली आणि घरी नेली.

२३ एप्रिल, सकाळ.
होडीवाला आलाय. आबाजींचा निरोप. कालची गोष्ट रात्रीच पाण्यापलीकडे पोचली असावी, कारण निरोप असा होता:
"जावईबापूंना सवड न्हाय तर ऱ्हाऊ द्या. बॅटरी तेवढी न चुकता धाडा. उद्या फायनल हाय, न् हितं लाइटीचा भरवसा न्हाय."
मी हे दोनदा सांगायला लावलं. होडीवाल्याने दोनदा सांगितलं.
सारजा हळदीसाठी आजच निघाली. पिशवी भरून झाली होती, नवी साडी वरती. मी म्हटलं, रजा मिळत नाही, स्टोअर्सचा सगळा भार माझ्यावर, शिवाय होडीवाल्याची फळी ढिली आहे, आणि पुस्तकात लिहिलंय की ओव्हरलोड—
तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "अवो, भ्या वाटतंय तर वाटू द्या की. मला लगनापासनं ठावं हाय. नवरा मुलगा जिपीतनं आल्ता तवाच कळलं. मला बोट नगं व्हती. तुमी माज्याशेजारी बसून आला असता, डोळं मिटून, तरी चाललं असतं."
ॲसिडिटी परत.
मग ती म्हणाली, बॅटरी द्या.
घोंगड्यात गुंडाळून दिली. पाण्यापर्यंत मी स्वतः नेली, गाळातून. सारजाने होडीत बसून ती मांडीवर घेतली, तान्ह्या पोराला घ्यावं तशी. मी सूचना दिल्या: आडवी करू नका, वरची भोकं मोकळी ठेवा, लाल तार अधिकला. सारजा म्हणाली, तारा लावता येतात मला. हे तिला कधीपासून येतं?
होडी निघाली. मी पाण्याच्या कडेला उभा. पाणी बुटांना लागलं तेव्हा एक पाऊल मागे आलो. माझ्या बॅटरीची ही पहिली फेरी, आणि ती वल्ह्यावर.
वाईट वाटलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

२४ एप्रिल, रात्री उशिरा.
कारखान्यातून लवकर आलो. रजा मागितलीच नव्हती, तरी सुपरवायझर म्हणाला, मेव्हण्याच्या लग्नाला गेला नाहीस? म्हटलं, प्रतिनिधी पाठवलाय.
सातला लाइट गेली. थोड्याच वेळात वस्तीवरची सगळी माणसं आमच्या दारात. बायका, पोरं, बिरू, आणि बिरूची दोन कलिंगडं. सरळ आत आले, कोनाडा बघितला, आणि जागीच थांबले. बिरू म्हणाला, "बॅटरी न्हाय?" म्हटलं, पलीकडे गेली, लग्नाला. तो मटकन खाली बसला. मग सगळे माझ्यावर तुटून पडले. फायनलच्या दिवशी बॅटरी कुणी गावाबाहेर देतं का? अख्खा हिवाळा बघितलं आणि आज नेमकं? एक बाई म्हणाली, दर रविवारी न चुकता भरून ठेवायचे बिचारे, आज काय झालं यांना?
यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. कळून घेतलं नाही.
शेवटी सगळे पाण्याकडे गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत, बोटीच्याही पुढे. काठावर ओळीने बसलो. पलीकडे आधी हलगी. म्हणजे अक्षता पडल्या. मग सगळं शांत. आणि मग एकदम ओरडा उठला, पाण्यावरून असा आला की अंगावर काटा.
बिरू म्हणाला, चौका. आई म्हणाली, षटकार, चौक्याला इतका वेळ ओरडत नाहीत. आईला षटकार कुठून माहीत? दुसरा ओरडा. तिसरा. मग एकदा नुसतं 'ओ' आणि शांतता, तेव्हा इकडे सगळ्यांचे जीव गेले, पण आई म्हणाली, दुसरा कुणीतरी आउट झाला असेल, आपला असता तर रडले असते. अंधारात, टीव्हीशिवाय, लोकांच्या घशावरून आम्ही अख्खी मॅच बघितली. मी इतका कधी ओरडलो नव्हतो. शेवटचा ओरडा उठला तेव्हा बिरूने मला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात गेला. गुडघाभर. मी ओरडत होतो, पण जिंकल्यामुळे. बहुतेक.
पलीकडून ओरडणाऱ्या सगळ्यांना करंट पुरवत होती ती माझी बॅटरी. चार-पाच तास. हिवाळाभर सांभाळलेली.

२६ एप्रिल, रविवार.
सारजा आली. बॅटरी आली.
घोंगडं काढलं तर बॅटरीवर हळदकुंकू, अक्षता, गुलाल, आणि एक नवा टॉवेल आणि टोपी. मी विचारलं, हे काय? सारजा सांगताना तीनदा थांबली, हसू आवरेना म्हणून. झालं असं की आईने होडीवाल्याजवळ आधीच सांगून ठेवलं होतं, डब्यात काशीची गंगा आहे. त्यामुळे पलीकडे बॅटरी मांडवात चौरंगावर ठेवली. बायका येऊन पाया पडून टीव्हीसमोर बसल्या. मग आहेराची वेळ आली. थोरल्या जावयाचा मान कुणाला द्यायचा? जावई तर नाही. तेव्हा आबाजी उठले, टॉवेल बॅटरीवर घातला, वरती टोपी ठेवली, आणि म्हणाले, "आमचं जावई न्हाय आलं, पर त्यांनी कमी कायबी केलं न्हाय."
टाळ्या पडल्या म्हणते सारजा. ती म्हणाली, पुढच्या वेळी दोघं जाऊ. मी डोळे मिटायला लागलो तर ती सांगत बसणार, आता अर्धं आलं, आता काठ आला. मी हो म्हटलं. हो म्हटलंय हे इथे लिहून ठेवतो.
हायड्रोमीटर घातला. एवढं सगळं होऊनसुद्धा अजून नारिंगीत.
टोपी घालून बघितली. मला लहान होते. बॅटरीला बरोबर बसली होती म्हणे.